लाल दोरा

आमच्या बोन्साय मंडळाच्या सहलीत कुंदाताईंनी टेकडीवरच्या एका बुटक्या, निष्पर्ण रोपाला लाल दोरा बांधताना मी लांबून पाहिलं आणि माझा नुसता जळफळाट झाला. बोन्सायच्या प्रदर्शनात दरवर्षी पहिलं बक्षीस त्यांना, दुसरं मला. रानातलं देखणं खोडही आधी त्यांनाच दिसावं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच गेले. पानांवाचून झाड ओळखू येईना. पण कुंदाताईंनी निवडलंय म्हटल्यावर बघायचं काय? मातीसकट खणून घरी आणलं, सोटमूळ छाटलं, उथळ कुंडीत लावलं. हाताला लागलेला चीक पदराला पुसला.

रविवारी मंडळाच्या बैठकीला गेले ती दोन्ही हातांना बँडेज बांधून. फोडांनी झोप नव्हती. "तेल उडालं," मी सगळ्यांना सांगितलं.

चहाच्या वेळी कुंदाताई शेजारी येऊन बसल्या. "तो बिब्बा होता हो. त्याचा चीक अंगावर उततो, म्हणून कुणी हात लावू नये यासाठी दोरा बांधला. बाकीच्यांना बजावलं, तुम्ही मागे राहिला होतात. चुकलंच माझं," त्या हळूच म्हणाल्या आणि खोबरेलाची बाटली माझ्या पिशवीत सरकवली.

चूक कबूल करण्यातही पहिला नंबर बाईंचाच!