दीडशेची लेन्स

नागपूरहून आलेली दीडशे मिलिमीटरची लेन्स रचनानं कॅमेऱ्यावर बसवली आणि हलकेच फिरवली. कट् असा आवाज झाला. जुनीपेक्षा ही दुप्पट जड होती. तिपाईवरचा कॅमेरा पुढं झुकला, तसा तिनं स्क्रू आवळला. फिल्मचा मोठा कॅमेरा, एका रोलवर बाराच फोटो. म्हणून रोल घालण्याआधी तिला लेन्स नुसती पाहून घ्यायची होती.

वरून वाकून तिनं कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या काचेत पाहिलं. अंगणातल्या भिंतीच्या चुन्याचा एकेक पोपडा वेगळा दिसत होता.

तिचे वडील, डोमाजी, पायरीवर पेपर घेऊन बसले होते. उकव्याच्या खाणीत तीस वर्षं त्यांनी मोजणीच्या दुर्बिणीला डोळा लावला होता. पण आठ महिन्यांपूर्वी रचना नवऱ्याचं घर सोडून कटंगीहून बॅग घेऊन आली, तेव्हापासून त्यांनी तिच्या तोंडाकडं पाहिलं नव्हतं. बोलायचे ते दाराच्या चौकटीशी, नाहीतर ताटाशी.

"किती दूरचं दिसते?" त्यांनी कॅमेऱ्याला विचारलं.

"दूरचं नाही, बाबा. माणसाच्या चेहऱ्यासाठी हाय."

बाबा उठले. सदऱ्याला हात पुसून कॅमेऱ्यावर वाकले. बोटं आपोआप लेन्सच्या कड्यावर गेली.

"उलटं दिसून राह्यलं."

"हौ. डावं उजवीकडं जाते त्यात."

"भिंत पाहून काय समजन? तिथं उभी राह्य."

रचना भिंतीपाशी जाऊन उभी राहिली.

"मांगं सरक. अजून. चष्मा चमकते, काढ तो."

तिनं चष्मा काढला. कडं सावकाश फिरलं आणि थांबलं.

"उजव्या भिवईखाली काय हाय?"

"डाव्या. उलटं दिसते न."

"कशाचं हाय, म्हणतो मी."

न्हाणीत पडले त्याचा व्रण, असंच तिनं सगळ्यांना सांगितलं होतं. आत्ताही तेच ओठांवर आलं.

"कुकरचं झाकण," ती म्हणाली.

"उडालं?"

"फेकलं."

बाहेरून एक ऑटो गेला. बाबांचं डोकं वाकलेलंच राहिलं. कोर्टाचं नाव तिनं पहिल्यांदा काढलं, तेव्हा ते उठून आत गेले होते. आताही जातील, असं तिला वाटलं.

"तारीख कवाची हाय?" त्यांनी काचेतच पाहत विचारलं.

"मंगळवारची."

"किती वाजता निघतं तू?"

"दहाले."

"मी येतो संगं."

काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली, "बाबा, रोल नाही घातला अजून."

"मंग घाल."

रोलचं टोक खाचेत अडकवताना दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा बसलं. ती परत भिंतीपाशी गेली.

"आता हालू नको."

चष्म्यावाचून तिला सगळंच धूसर दिसत होतं. तिपाई, पायरी, बाबांचं वाकलेलं पांढरं डोकं. त्या पांढऱ्या ठिपक्याकडं पाहत ती उभी राहिली.

बाबांनी बटण दाबायला फार वेळ लावला.