पक्की अक्षरं

"हुकूम केव्हाचा तयार आहे, बाई, पण प्रिंटरची अक्षरं पुसली जातात, असा कागद चालत नाही," बेपत्तांच्या कचेरीतल्या कारकुनाने मक्याच्या पानातला वाफवलेला तमाल खात सातव्या महिन्यातही तेच ऐकवलं. हुकूम म्हणजे आपल्या हरवलेल्या पोराचा, नाबोरचा, शोध घेण्याचाच, असं एदेल्मिरा धरून चालली होती. तिचं प्रिंटरदुरुस्तीचंच दुकान. टोनरची पूड बोटाला लागते म्हणजे ती कागदावर पक्की करणारा हीटर गेला, हे तिने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. "सरकारी मशीनला हात?" तो दर वेळेसारखा गुरकावला, पण आज ती हटली नाही. दुकानातला नवा हीटर तिने बसवला. कागद गरमागरम बाहेर आला. कारकुनाने अंगठ्याने घासून पाहिला. "वा! धरा." तिने वाचलं: ‘नाबोर मिळून येत नाही, सबब तपास बंद.’ तिने पोराच्या नावावरून बोट घासलं, थुंकी लावून घासलं. "कशाला घासताय, बाई?" कारकून हसला. "तुमचीच दुरुस्ती आहे, जाणार नाही."