भुताचा जिना

त्या जुन्या भयपटाची त्याने आणि फॅन क्लबमधल्या त्याच्या मित्रांनी पारायणं केली होती. सिनेमा वृद्धाश्रमात घडतो आणि शूटिंगही खऱ्याच वृद्धाश्रमात झालेलं, म्हणून तो चार मित्रांना हौसेने तिथे घेऊन गेला. भुताचा जिना, ती काळी खिडकी, सगळीकडे फोटो झाले. आपली आई इथेच वरच्या मजल्यावर राहते, हे मात्र त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. दोन वर्षांत तो तिला भेटलाही नव्हता.

निघताना आयाने त्याला ओळखलं आणि वर हाक दिली, "आजी, अहो, मुलगा आलाय तुमचा!"

मित्र बघतच राहिले. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.



आई कठड्याला धरून खाली आली आणि मित्रांना कौतुकाने म्हणाली, "दर रविवारी येतो हो माझा लेक, न चुकता."