चौथ्या पानानंतर

"मृत्यूचा दाखला आहे, तुमचं ओळखपत्र आहे, अर्जावर नातंही लिहिलंय," रेकॉर्ड रूमचा कारकून म्हणाला आणि त्याने दोन्ही हातांनी फाइल उचलून माझ्यापुढे ठेवली. "ताई, आईंनी इथे मुक्कामच ठोकला होता की काय?"

आई या हॉस्पिटलात दोनच दिवस होती. तिसऱ्या दिवशी मी पोहोचले, तेव्हा खाट रिकामी होती. त्याला तीन वर्षं झाली. आता माझ्याही छातीत दुखायला लागलं, म्हणून डॉक्टरांनी तिचे कागद मागवले होते.

तिच्या मृत्यूची नोंद चौथ्या पानावर होती. त्यापुढेही पानंच पानं. एकाच नर्सचं अक्षर, रोजची तारीख.

"ताप नाही. जेवली नाही. मुलगी आली का, विचारते."

दुसऱ्या दिवशी तेच. तीन वर्षं, एकही दिवस न चुकता, तेच.

"हे काय आहे?"

"वॉर्डातून रोज जे येतं, ते आम्ही लावून ठेवतो," झेरॉक्स मशिनशी खटपट करत तो म्हणाला.

मी शेवटचं पान उलटलं. तारीख आजची होती. शाई बोटाला लागली.

"मुलगी आली. खाली रेकॉर्ड रूममध्ये बसली आहे. पेशंट खाटेवरून उठली. जिना उतरते आहे."