दीड वर्षाचं पेट्रोल

"पेट्रोल दीड वर्षाचं जुनं आहे, फौजदारसाहेब," वेणीमाधव वकील म्हणाले. "मोटारीत घालण्याजोगं राहिलं असेल, असं वाटत नाही मला. आमच्या ड्रायव्हरलाच विचारा."

आणि फौजदारांच्या खांद्यावरून त्यांनी येडूकडे असं पाहिलं, की आंधळ्यालाही कळावं. नासलंय म्हण आणि सूट.

येडू मोटारखान्याच्या दारात उभा होता. वकिलांना छातीचं दुखणं जडल्यापासून मोटार बाहेर निघालीच नव्हती. मागं भिंतीशी पेट्रोलचे दोन डबे तेव्हापासून तसेच होते.

फौजदारांना निघायचं होतं सांगोल्याकडं. तिकडच्या धनगरांनी सरकारी कुरणात उघड उघड मेंढरं घातली होती आणि हाकलायला आलेल्या जंगलखात्याच्या गार्डालाच हाकलून दिलं होतं. त्यांच्या म्होरक्यांना आजच्या आज धरून आणायचा हुकूम होता. पोलिसांची लॉरी मोडून पडलेली, तिचा ड्रायव्हर तापानं फणफणलेला, आणि सोलापुरात हरताळ, म्हणून पेट्रोलवाला दुकानाला कुलूप ठोकून बसलेला. म्हणून वकिलांच्या मोटारीची आठवण झाली. त्या म्होरक्यांत येडूची थोरली बहीण मायाक्का होती. हे वकिलांना ठाऊक होतं, फौजदारांना नव्हतं.

"नासलं असेल तर दुपारच्या गाडीनं कुर्डुवाडीहून नवं मागवीन," फौजदार म्हणाले. "पण खोटं बोललास तर याद राख."

दुपारपर्यंतचा वेळ पुष्कळ होता. तेवढ्यात ड्रायव्हर कुठल्या कुठं पसार होतो, आणि वकिलांचा बेत तोच होता. मोठा मायाळू माणूस, पण भित्रा; त्यांची माया नेहमी मागच्या दारानंच बाहेर पडायची.

येडूच्याही मनात मागचं दार येऊन गेलं. पण मायाक्कानं गार्डाला सांगितलं नव्हतं, की मेंढरं चुकून आत शिरली म्हणून. तिनं सांगितलं होतं, मीच घातली.

तो डबे पुढं ओढत म्हणाला, "आदी ती सिगारेट इझवा, साहेब. हितं जाळ चालत न्हाय."

बरोबरचे तिन्ही शिपाई एकमेकांकडे बघू लागले. फौजदारांनी सिगारेट बुटाखाली चिरडली.

पहिल्या डब्याचं बूच सैल झालेलं होतं. उघडल्याबरोबर रोगणासारखा वास आला. येडूनं कागदावर दोन थेंब टाकले. बराच वेळ ते वाळेनात, आणि वाळले तेव्हा मागं चिकट, पिवळा डाग राहिला.

"ह्ये गेलं. ह्ये घातलं तर मोटार दोन मैलांत बंद पडंल."

वकील सुटकेचा निःश्वास टाकून पायरीवर टेकले. इथंच थांबायला काय हरकत होती? शहाणा माणूस थांबला असता. येडूनं दुसरा डबा ओढला.

याचं बूच त्यानंच त्या वेळी मेण लावून घट्ट केलं होतं. डबा गळ्यापर्यंत भरलेला होता आणि वास नाकाला झोंबणारा, चोख. कागदावरचे थेंब बघता बघता उडाले. कागद कोरा राहिला.

"ह्ये चांगलं हाय."

"येडू, नीट बघ," वकील कळवळून म्हणाले.

"बघितलं की, वकीलसाहेब."

त्यानं ते दुहेरी फडक्यातून गाळून टाकीत ओतलं. समोर जाऊन हँडल मारलं. दोनदा मोटार नुसतीच खोकली, तिसऱ्यांदा सुरू झाली. दीड वर्षानं तिचा आवाज ऐकून येडूचा ऊर भरून आला. ते लपवायचं त्याला काही कारण दिसलं नाही. शिपाई मागं चढून बसले. फौजदार पुढं बसले.

येडूनं मोटार बंद केली.

"पेट्रोल चांगलं हाय, मोटार चांगली हाय. मी चालवनार न्हाय."

"काय म्हणालास?"

"तितं माझी मानसं हायती. त्यास्नी धरायला मी मोटार न्हेनार न्हाय."

फौजदार लालबुंद होऊन खाली उतरले. येडूला वाटलं, आता हात उठणार. पण पाय जागचा हलवायचा नाही असं त्यानं ठरवलंच होतं. फौजदारांनी मात्र एकदा शिपायांकडे पाहिलं आणि खिशातली वही काढली. ड्रायव्हर नाही म्हणाला, हे वर कळवायचं कसं? कायदेभंगाच्या त्या दिवसांत 'नाही' हा एक शब्द पटकीसारखा पसरत होता, आणि त्याची पहिली लागण आपल्या हद्दीत झाली असं लिहून द्यायची कोणाची छाती होती?

"पेट्रोल जुनं," लिहिता लिहिता ते मोठ्यानं म्हणाले. "मोटार सुरू होत नाही." मग वर न बघता, "आणि तू, तोंड मिटून घरी जा. मी काही ऐकलं नाही."

वकिलांनी हात जोडले, फौजदारांना की देवाला, कोण जाणे. "मिटलं की रे, येडू. जा आता."

"मिटलं न्हाय," येडू म्हणाला.

तो मोटारीच्या पुढं गेला, वाकला आणि एकच हँडल मारलं. गरम झालेली मोटार पहिल्याच झटक्याला धडधडू लागली. मोटारखान्याचे पत्रे थरथरले, मागं बसलेले शिपाई हादरे खाऊ लागले. येडू परत येऊन फौजदारांच्या वहीसमोर उभा राहिला.

"खोडा ते, साहेब," त्या आवाजावर आवाज चढवून तो म्हणाला. "मोटार सुरू हाय. डायवर न्हाय म्हनतोय."