गेममधले काका

स्फाक्स शहरातल्या वजदीचा एक नेम होता. ऑनलाइन गेममध्ये कुणी नवखा भांबावलेला दिसला, की तो त्याला आपल्या टीममध्ये घ्यायचा आणि आडोसा कुठे धरायचा, पळायचं कधी, हे सगळं न चिडता शिकवायचा. सात वर्षांपूर्वी त्यालाही कुणीतरी असंच शिकवलं होतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या एका दुपारी आलेल्या नवख्याचा माइकवर आवाज ऐकला, तर दहा-अकरा वर्षांची मुलगी. दोन तास खेळ शिकवून झाल्यावर वजदीने तिला बजावलं, "इथे कुणालाही नाव-गाव सांगायचं नाही, बरं का बाळ."

"नाही सांगणार, काका. पण तुम्हाला सांगितलं तर चालतं ना, तुम्ही तर चांगले आहात. मी इब्तिहाल. गाबेसला बंदराजवळ औषधांचं दुकान आहे ना, त्याच्यावर राहते. आई पाचला येते, तोवर मी एकटीच."

वजदीने यातलं काहीच विचारलं नव्हतं. नुसता गोड बोलला होता. "मलासुद्धा सांगायचं नव्हतं गं," एवढंच तो कसंबसं म्हणाला.

हेडफोन काढून तो तडक लेकीच्या खोलीत गेला. नऊ वर्षांची हयाम टॅबवर खेळण्यात दंग होती.

"कुणाबरोबर खेळतेयस गं?"

"एक काका आहेत, बाबा. खूप चांगले आहेत. मला सगळं शिकवतात."

"नाव काय त्यांचं?"



"ते कधी सांगतच नाहीत. पण त्यांना आपलं घर माहितीये."