कच्चा गुडघा

गणिताचे सर कुणाच्या बापाचं ऐकायचे नाहीत. शाळा सुटली की कच्च्या पोरांना वर्गात कोंडायचं आणि सतराचा पाढा म्हणून घ्यायचा. जो अडखळेल, त्याने पुन्हा पहिल्यापासून. खिडकीबाहेर बाकीच्यांचा खेळ रंगात आलेला असायचा.

निवृत्तीनंतर सरांनी गुडघा बदलून घेतला. व्यायामाला येणारे बाकीचे पेशंट वेळ संपताच घरी जायचे, पण फिजिओथेरपिस्ट बाई सरांना रोज थांबवून घ्यायच्या.

"अहो बाई, जीव जातोय माझा! रोज मलाच का जादा तास?"

"तुमचा कच्चा आहे ना गुडघा," म्हणत बाईंनी दाराला कडी लावली.

"हं, वाकवा आता, सर. सतराचा पाढा म्हणत. अडखळलात की पुन्हा पहिल्यापासून!"